शे स्टेडियम : एका बहुउद्देशीय क्रीडांगणाचा इतिहास (१९६४–२००८)

न्यू यॉर्क शहराच्या क्वीन्स या विभागात, फ्लशिंग मेडोज उद्यानाच्या उत्तर अंगाला, १९६४ ते २००८ या काळात उभे असलेले शे स्टेडियम हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी नगरपालिकांनी मोठ्या उत्साहाने स्वीकारलेल्या आणि पुढे तितक्याच निश्चयाने टाकून दिलेल्या एका कल्पनेचे महत्त्वाचे उदाहरण होय. ही कल्पना बहुउद्देशीय क्रीडांगणाची होती. सार्वजनिक पैशातून एकच वास्तू उभारावी, उन्हाळ्यात तिच्यात बेसबॉल खेळावा, हिवाळ्यात अमेरिकन फुटबॉल खेळावा आणि मधल्या मोकळ्या तारखा अन्य कार्यक्रमांना भाड्याने देऊन खर्च भरून काढावा, असा तिचा हिशोब होता. शे स्टेडियमच्या बाबतीत हा हिशोब विचित्र रीतीने चुकला आणि तितक्याच विचित्र रीतीने साधलाही. ज्या दोन खेळांसाठी वास्तूचा आराखडा काढला होता, त्यांपैकी एकाने वीस हंगामांनंतर ती सोडली; उलट ज्या उपयोगासाठी तिच्यात जवळजवळ कोणतीही खास सोय नव्हती, त्या संगीताच्या जाहीर कार्यक्रमांनी तिचे नाव बेसबॉल ठाऊक नसलेल्या देशांतही पोहोचवले.

या क्रीडांगणाचा जन्म एका स्थलांतरातून झाला. १९५७ पर्यंत न्यू यॉर्कमध्ये बेसबॉलचे तीन व्यावसायिक संघ होते : ब्राँक्समधील यांकीज, मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला पोलो ग्राउंड्सवर खेळणारे जायंट्स आणि ब्रुकलिनमधील एबिट्स फील्डवर खेळणारे डॉजर्स. एबिट्स फील्ड हे १९१३ साली उघडलेले, दाट वस्तीत कोंडलेले आणि मोटारी उभ्या करण्यास जागा नसलेले मैदान होते. डॉजर्सचे मालक वॉल्टर ओमॅली यांना ब्रुकलिनमध्येच, अटलांटिक ॲव्हेन्यूच्या रेल्वेस्थानकाजवळ नवे मैदान बांधायचे होते आणि त्यावर घुमट घालण्याच्या दृष्टीने त्यांनी बकमिन्स्टर फुलर या प्रख्यात संरचनाकाराशी चर्चाही केली होती. परंतु त्यासाठी लागणारी जमीन सरकारी अधिकाराने संपादित करून देण्यास शहराच्या बांधकामांवर दीर्घकाळ पकड ठेवणारे प्रशासक रॉबर्ट मोझेस यांनी नकार दिला आणि त्याऐवजी क्वीन्समधील फ्लशिंग मेडोजची जागा पुढे केली. क्वीन्समध्ये खेळणारा संघ ब्रुकलिनचा राहत नाही, ही ओमॅलींची भूमिका होती. १९५७ चा हंगाम संपताच डॉजर्स लॉस एंजेलिसला आणि जायंट्स सॅन फ्रान्सिस्कोला गेले आणि ‘नॅशनल लीग’ या जुन्या संघमंडळाचा एकही संघ न्यू यॉर्कमध्ये उरला नाही. मोझेस यांनी सुचवलेली जागा मात्र सरकारी कागदांत कायम राहिली, आणि पुढे जे घडले ते पाहता ओमॅली विरुद्ध मोझेस या वादात मैदान मोझेस यांच्या जागेवर झाले आणि संघ ओमॅलींच्या मनासारखा हलला, असेच म्हणावे लागते.

शहराला पुन्हा नॅशनल लीगचा संघ मिळवून देण्यासाठी महापौर रॉबर्ट वॅग्नर यांनी एक समिती नेमली व तिची धुरा विल्यम शे या वकिलाकडे सोपवली. अन्य शहरांतील संघ न्यू यॉर्कला ओढून आणण्याचे प्रारंभीचे प्रयत्न फसल्यावर शे यांनी वेगळाच डाव टाकला. १९५९ मध्ये त्यांनी ‘काँटिनेंटल लीग’ या तिसऱ्या संघमंडळाची घोषणा केली आणि त्याच्या अध्यक्षपदी ब्रँच रिकी यांना आणले. जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला १९४७ मध्ये डॉजर्समध्ये उतरवून बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत पाडणारे रिकी ते हेच. या नव्या संघमंडळाचा एकही सामना कधी झाला नाही. पण स्पर्धक उभा राहण्याच्या भीतीने प्रस्थापित संघमंडळांनी आपला विस्तार करण्याचे मान्य केले आणि नॅशनल लीगने १९६० मध्ये न्यू यॉर्क व ह्यूस्टन या शहरांना प्रत्येकी एक संघ मंजूर केला. न्यू यॉर्कचा हा संघ म्हणजे मेट्स. शहराने नवे मैदान बांधून द्यावे, ही या व्यवहारातील गृहीत अट होती.

मैदानासाठी ठरलेली जागा मुळात दलदलीची होती आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रुकलिनमधील कोळशाच्या राखेचे ढिगारे तेथे आणून टाकले जात. स्कॉट फिट्झजेराल्ड यांच्या ‘द ग्रेट गॅट्स्बी’ या १९२५ च्या कादंबरीतील राखेचे खोरे ते हेच. मोझेस यांनी राख सपाट करून तेथे १९३९–४० चे जागतिक प्रदर्शन भरवले होते आणि १९६४–६५ च्या दुसऱ्या जागतिक प्रदर्शनाची सूत्रेही त्यांच्याच हाती होती. परिणामी नव्या क्रीडांगणाला महामार्ग, वाहनतळ आणि मॅनहॅटनहून येणाऱ्या सात क्रमांकाच्या रेल्वेमार्गाचे स्थानक या सोयी आयत्या मिळाल्या. जागेचे दोष मात्र वास्तूला अखेरपर्यंत भोवले : दलदलीच्या भरावामुळे मैदानात पाणी साचे, आणि जवळच असलेल्या लाग्वार्डिया विमानतळावर ये-जा करणारी विमाने प्रेक्षकांच्या डोक्यावरून इतकी खालून जात की त्यांच्या आवाजामुळे खेळाडू आणि समालोचक यांना क्षणभर थांबावे लागे.

२८ ऑक्टोबर १९६१ रोजी भूमिपूजन झाले. आराखडा प्रेगर-कॅव्हनॉ-वॉटरबरी या संस्थेचा होता, खर्च सुमारे २ कोटी ८५ लाख डॉलर आला आणि वास्तूची मालकी शहराकडे राहिली. मेट्स हा संघ तेथे भाडेकरू होता. ‘फ्लशिंग मेडो पार्क म्युनिसिपल स्टेडियम’ हे मूळचे लांबलचक नाव बदलून शे यांचे नाव देण्यात आले. हयात असलेल्या, राजकारणात कोणतेही निवडून आलेले पद न भूषवलेल्या वकिलाचे नाव एखाद्या महानगराच्या मुख्य क्रीडांगणाला मिळावे, ही गोष्ट अमेरिकेतही नित्याची नव्हती.

येथे बहुउद्देशीय रचनेचे मर्म थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण क्रिकेटच्या अंडाकृती मैदानाशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला त्यातील अडचण चटकन जाणवत नाही. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमसारख्या मैदानात क्रिकेटच्या सीमारेषेच्या आत फुटबॉलचा आयत सहज बसतो आणि मोठ्या संगीत कार्यक्रमांनाही जागा पुरते. बेसबॉलचे तसे नाही. बेसबॉलमध्ये फलंदाज जेथे उभा राहतो त्या ‘होम प्लेट’पासून काटकोनात दोन सरळ रेषा निघतात आणि या दोन रेषांच्या आत पडलेला चेंडूच खेळात धरला जातो, म्हणजे मैदानाचा आकार पंख्यासारखा असतो. धावण्यासाठीचे चार थांबे, ज्यांना ‘बेस’ म्हणतात, ९० फूट बाजूच्या चौरसाच्या कोपऱ्यांवर असतात व हा चौरस कोनावर उभा दिसत असल्याने त्याला ‘डायमंड’ म्हणतात. शे स्टेडियममध्ये या पंख्याची लांबी कडेच्या रेषांवर सुमारे ३४१ फूट आणि मध्यभागी ४१० फूट होती. याउलट अमेरिकन फुटबॉल, म्हणजे हातात चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या हद्दीत घुसण्याचा खेळ, दोन्ही टोकांच्या गुणक्षेत्रांसह १२० यार्ड लांब आणि सुमारे ५३ यार्ड रुंद अशा आयतात खेळला जातो. बेसबॉलच्या प्रेक्षकाला होम प्लेटच्या भोवती बसायचे असते, तर फुटबॉलच्या प्रेक्षकाला आयताच्या लांब बाजूच्या मध्याशी. या दोन इच्छा भूमितीच्या नियमाने परस्परविरोधी आहेत.

शे स्टेडियमच्या रचनाकारांनी यावर काढलेला उपाय असा, की खालच्या स्तरावरील प्रेक्षागाराचे दोन मोठे भाग रुळांवर बसवावेत आणि विजेच्या मोटारींनी ते फिरवावेत. बेसबॉलच्या दिवसांत हे दोन्ही भाग काटकोनातील रेषांना धरून उभे राहत आणि फुटबॉलच्या दिवसांत फिरून परस्परांना समांतर होत. अशा प्रकारे मोटारींच्या साहाय्याने रूप पालटणारे हे पहिलेच मोठे क्रीडांगण मानले जाते. बेसबॉलसाठी आसनक्षमता सुमारे ५५,००० आणि फुटबॉलसाठी सुमारे ६०,००० होती. वरचे मजले पुढे झुकलेल्या तुळयांवर पेललेले असल्याने जुन्या मैदानांतील खांब प्रेक्षकांच्या दृष्टीआड येण्याचा त्रास संपला. पण त्याची किंमत म्हणून वरचे मजले मैदानापासून दूर आणि उंच गेले. मैदानाची मागची बाजू खुली ठेवण्यात आली होती. ती बाजू भरून वर्तुळ पूर्ण करावे व काचेचा घुमट घालावा, असा विचार १९६५ मध्ये पुढे आला. तथापि पायाचे स्तंभ तो भार पेलणार नाहीत असा अभियंत्यांचा निष्कर्ष निघाल्याने तो सोडून द्यावा लागला. बाह्यांगावर तारांनी टांगलेल्या निळ्या आणि नारिंगी पत्र्यांची सजावट होती. हेच मेट्सचेही रंग होत. त्यांतील निळा डॉजर्सचा आणि नारिंगी जायंट्सचा.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, १६ एप्रिल १९६४ रोजी, खुद्द शे यांनी ब्रुकलिनमधील गोवानस कालव्याचे आणि पोलो ग्राउंड्सजवळून वाहणाऱ्या हार्लेम नदीचे पाणी मैदानावर शिंपडले. ज्यांनी या दोन जलप्रवाहांची तत्कालीन अवस्था पाहिली असेल त्यांना हा अभिषेक पवित्र वाटण्याची शक्यता कमीच. पण गेलेल्या दोन संघांचा वारसा नव्या संघाकडे सोपवण्याचा त्यातील हेतू स्पष्ट होता. १७ एप्रिलला पहिला सामना झाला. ५०,३१२ प्रेक्षकांसमोर पिट्सबर्ग पायरेट्सने मेट्सचा ४–३ असा पराभव केला आणि या मैदानावरील पहिला फटका व पहिला ‘होमरन’, म्हणजे चेंडू कुंपणापार टोलवून मिळवलेली धाव, ही दोन्ही पायरेट्सच्या विली स्टारजेलच्या नावे नोंदली गेली. पराभवाचे आश्चर्य कुणालाच वाटले नाही, कारण १९६२ च्या पहिल्या हंगामात मेट्सने ४० विजयांच्या बदल्यात १२० पराभव पत्करले होते. १९६४ च्याच ३१ मे रोजी जायंट्सविरुद्धचा त्या दिवशीचा दुसरा सामना २३ डाव आणि ७ तास २३ मिनिटे चालला, आणि २१ जून रोजी फिलाडेल्फियाच्या जिम बनिंग या पिचरने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूने, मेट्सच्या सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाजांना एकाही बेसवर पोहोचू न देता बाद केले.

फुटबॉलची कहाणी वेगळी आहे. पोलो ग्राउंड्सवर खेळणारा टायटन्स हा डबघाईला आलेला संघ सॉनी वेर्ब्लिन आणि त्यांच्या भागीदारांनी विकत घेतला, विमानतळाच्या सान्निध्याला शोभेल असे जेट्स हे नाव त्याला दिले आणि १९६४ पासून तो शे स्टेडियममध्ये खेळू लागला. २९ डिसेंबर १९६८ रोजी याच मैदानावर, सुमारे ६२,००० प्रेक्षकांसमोर आणि कडाक्याच्या वाऱ्यात, जेट्सने ओकलंड रेडर्सना २७–२३ असे हरवून अमेरिकन फुटबॉल लीगचे विजेतेपद मिळवले आणि दोन आठवड्यांनी जो नेमॅथच्या नेतृत्वाखाली मायामी येथे तिसरी सुपर बोल जिंकली. परंतु भाडेकरारात मेट्सला अग्रहक्क होता आणि त्यांचा हंगाम संपेपर्यंत जेट्सना मैदान मिळत नसे. १९७३ मध्ये मेट्स अंतिम मालिकेपर्यंत पोहोचल्याने जेट्सना हंगामातले पहिले सहाही सामने परगावी खेळावे लागले. खालचे प्रेक्षागार रुळांवर फिरवता येत होते; पंचांग फिरवता येत नव्हते. शिवाय हिवाळ्यात खुल्या बाजूने फ्लशिंगच्या खाडीवरून येणारा वारा असह्य होई, आणि फुटबॉलचे उत्पन्न वाढत असताना दुय्यम भाडेकरू म्हणून राहणे जेट्सना मान्य होईना. १९८३ च्या हंगामाअखेर ते शेजारच्या न्यू जर्सी राज्यातील जायंट्स स्टेडियममध्ये गेले आणि फिरत्या प्रेक्षागाराचे प्रयोजन तिथेच संपले.

बहुउद्देशीय कल्पनेवर सर्वाधिक ताण १९७५ साली पडला. यांकी स्टेडियमचे नूतनीकरण चालू असल्याने १९७४ आणि १९७५ असे दोन हंगाम यांकीजही शे स्टेडियममध्येच खेळत होते. १९७५ मध्ये फुटबॉलचा जायंट्स हा संघही तेथे आला. एकाच वर्षी बेसबॉलचे दोन आणि फुटबॉलचे दोन असे चार व्यावसायिक संघ एका नैसर्गिक हिरवळीवर खेळले आणि वर्षाअखेरीस त्या हिरवळीची जी अवस्था झाली तिची कल्पना करणे अवघड नाही. नगरपालिकेच्या दृष्टीने मालमत्तेचा इतका पुरेपूर उपयोग दुसऱ्या कुठल्याही वर्षी झाला नाही. खेळाडूंच्या दृष्टीने अर्थातच हे वर्ष आदर्श नव्हते.

मेट्सच्या यशाचा इतिहास अनेक ग्रंथांतून आलेला असल्याने येथे त्याची केवळ नोंद पुरेशी आहे. १९६९ मध्ये या संघाने बाल्टिमोर ओरिओल्सना ४–१ असे नमवून ‘वर्ल्ड सिरीज’ ही राष्ट्रीय विजेतेपदाची मालिका जिंकली. निर्णायक सामना १६ ऑक्टोबर रोजी शे स्टेडियमवर झाला आणि आनंदाच्या भरात प्रेक्षकांनी मैदानावर उतरून हिरवळीचे तुकडे उपटून घरी नेले. १९८६ मध्ये बॉस्टन रेड सॉक्सविरुद्धच्या मालिकेतील सहावा सामना, ज्यात प्रतिपक्षाच्या बिल बकनरच्या पायांतून चेंडू निसटला, याच मैदानावरचा. २००० साली यांकीजविरुद्धच्या मालिकेत मात्र मेट्स पराभूत झाले. २१ सप्टेंबर २००१ रोजी, शहरावरील दहशतवादी हल्ल्यानंतर दहा दिवसांनी, न्यू यॉर्कमधील पहिला मोठा व्यावसायिक सामना येथे झाला आणि आठव्या डावातील माइक पियाझाच्या होमरनने मेट्सने तो ३–२ असा जिंकला. त्याआधीचे काही दिवस क्रीडांगणाच्या वाहनतळावर मदतसाहित्याचे केंद्र चालू होते.

संगीताच्या इतिहासात शे स्टेडियमला स्थान मिळाले ते १५ ऑगस्ट १९६५ या एका रात्रीमुळे. सिड बर्नस्टाइन या आयोजकाने बीटल्स या ब्रिटिश चमूचा कार्यक्रम येथे ठरवला, तेव्हा एवढ्या मोठ्या खुल्या क्रीडांगणात एका वाद्यवृंदाचे तिकीट लावून गाणे ही गोष्ट व्यापारी दृष्टीने साहसाची होती. लोकप्रिय गायकांचे कार्यक्रम तोवर प्रामुख्याने नाट्यगृहांत आणि बंदिस्त सभागृहांत होत. ५५,६०० तिकिटे विकली गेली आणि सुमारे ३,०४,००० डॉलर जमा झाले, हा त्या काळचा उच्चांक होता. मंच मैदानाच्या मध्ये, दुसऱ्या बेसच्या जागी उभारला होता; प्रेक्षक केवळ सज्जांमध्ये होते आणि मंच व प्रेक्षक यांच्यामधली सगळी हिरवळ पोलिसांसाठी मोकळी ठेवली होती. आज अशा कार्यक्रमांत मंचासमोरची जागा सर्वांत महाग असते, तर त्या रात्री ती रिकामी होती. कलाकारांना हेलिकॉप्टरने जागतिक प्रदर्शनाच्या आवारातील इमारतीच्या छतावर उतरवून तेथून चिलखती गाडीतून मैदानात आणण्यात आले आणि दूरचित्रवाणीवरील सूत्रसंचालक एड सलिव्हन यांनी त्यांची ओळख करून दिली.

कार्यक्रम बारा गाण्यांचा आणि सुमारे अर्ध्या तासाचा होता. या अर्ध्या तासातली तांत्रिक बाजू पाहिल्याशिवाय क्रीडांगणातील जलशांचा पुढचा इतिहास समजत नाही. व्हॉक्स या कंपनीने या दौऱ्यासाठी १०० वॅट क्षमतेचे ध्वनिवर्धक खास तयार केले होते. ते गिटारांसाठी होते. गायकांचा आवाज मात्र मैदानालगत उभे केलेले ध्वनिक्षेपक आणि बेसबॉलच्या फलंदाजांची नावे पुकारण्यासाठी सज्जांमध्ये बसवलेली यंत्रणा यांच्यावरच अवलंबून होता. मंचावरील कलाकाराला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्याकडे तोंड करून ठेवले जाणारे ध्वनिक्षेपक, जे आज प्रत्येक गणेशोत्सवाच्या मंडपातही दिसतात, त्या काळी प्रचारात नव्हते. परिणामी प्रेक्षकांच्या किंकाळ्यांपुढे गाणे ना प्रेक्षकांना नीट ऐकू आले, ना गाणाऱ्यांना. या कार्यक्रमावर चित्रपट तयार झाला, पण मूळ ध्वनिमुद्रण इतके सदोष होते की जानेवारी १९६६ मध्ये लंडनच्या स्टुडिओत बीटल्सना त्यातील बराच भाग पुन्हा वाजवून आणि गाऊन द्यावा लागला. संगीत म्हणून हा कार्यक्रम फसला, असे म्हटले तर ते अन्यायाचे होणार नाही. तरीही खुल्या क्रीडांगणात पन्नास हजारांहून अधिक लोक तिकीट काढून येतात हे त्याने सिद्ध केले, आणि पुढील दोन दशकांत ध्वनिक्षेपणाचे जे स्वतंत्र तंत्र व व्यवसाय विकसित झाले त्यामागे ही गरज होती. २३ ऑगस्ट १९६६ रोजी बीटल्स पुन्हा येथे आले, तेव्हा हजारो आसने रिकामी राहिली; त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनी दौरे कायमचे थांबवले.

यानंतर शे स्टेडियममध्ये गाणे ही कलाकाराच्या कीर्तीची खूण मानली जाऊ लागली. ६ ऑगस्ट १९७० रोजी शांततेच्या पुरस्कारासाठी दिवसभराचा संगीतमहोत्सव झाला व त्यात जॅनिस जॉप्लिन आणि पॉल सायमन सहभागी होते. १९७१ मध्ये ग्रँड फंक रेलरोड या अमेरिकी चमूची सर्व तिकिटे ७२ तासांत संपली, म्हणजे बीटल्सपेक्षाही लवकर. ऑक्टोबर १९८२ मध्ये द हू यांनी दोन रात्री कार्यक्रम केले. त्यांच्याआधी गायलेल्या द क्लॅश यांच्या त्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. १८ ऑगस्ट १९८३ रोजी द पोलिस या चमूच्या स्टिंगने मंचावरून, मैदान उसने दिल्याबद्दल बीटल्सचे आभार मानले. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये रोलिंग स्टोन्सचे सहा कार्यक्रम झाले आणि ऑक्टोबर २००३ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनचे तीन. यांतील ऑक्टोबरच्या तारखा योगायोगाच्या नाहीत. बेसबॉलचा हंगाम संपल्यावर, किंवा संघ दीर्घ दौऱ्यावर असताना, मिळेल त्या फटीत हे जलसे बसवावे लागत, कारण मंच उभारणे, हिरवळीवर फळ्यांचे आच्छादन घालणे, कार्यक्रमानंतर ते उचलणे आणि दबलेले गवत पुन्हा खेळण्याजोगे करणे यांत बरेच दिवस जात. म्हणजे जलशांनाही मेट्सच्या पंचांगाचा जाच होताच. फरक इतकाच, की गायक एक-दोन रात्रींपुरता येतो आणि त्याला पंचांगाशी जुळवून घेणे परवडते, तर फुटबॉल संघाला ते परवडत नाही.

धार्मिक मेळाव्यांचीही या वास्तूत परंपरा होती. सुवार्तिक बिली ग्रॅहम यांची प्रार्थनासभा १९७० मध्ये आणि पोप जॉन पॉल दुसरे यांची सभा ३ ऑक्टोबर १९७९ रोजी येथे झाली.

जेट्स गेल्यानंतर वास्तूचे व्यवस्थापन मेट्सकडे आले आणि ती केवळ बेसबॉलसाठी बदलून घेण्यात आली. १९८८ च्या हंगामापूर्वी बाहेरील भिंती निळ्या रंगवण्यात आल्या, त्यांवर खेळाडूंच्या निऑन आकृत्या आल्या आणि नवा गुणफलक बसला. मेट्सच्या खेळाडूने होमरन मारला की काळ्या टोपीतून वर येणारे मोठे लाल सफरचंद १९८० पासूनच मैदानामागे होते. परंतु या डागडुजीने मूळ दोष जाण्यासारखा नव्हता. वॉशिंग्टन, ह्यूस्टन, अटलांटा, सेंट लुइस, सिनसिनाटी, पिट्सबर्ग आणि फिलाडेल्फिया येथे १९६१ ते १९७१ या दशकात उभारलेली बहुउद्देशीय मैदाने परस्परांसारखी, थंड आणि दोन्ही खेळांना अर्धवट न्याय देणारी आहेत, असा आक्षेप वाढत गेला होता. १९९२ मध्ये बाल्टिमोर येथे केवळ बेसबॉलसाठी बांधलेले, विटांच्या जुन्या धाटणीचे कॅम्डेन यार्ड्स हे मैदान उघडले आणि बाजू पूर्णपणे पालटली. त्यानंतर संघमालकांनी नवे मैदान मागताना एकाच खेळाचे मागितले. यात सौंदर्यदृष्टीबरोबर महागड्या खासगी कक्षांचे आणि नामकरणहक्कांचे अर्थकारणही होते, हे विसरता येत नाही.

मेट्सचे नवे मैदान शे स्टेडियमच्या वाहनतळावर बांधण्यात आले आणि सिटीग्रुप या वित्तसंस्थेने वर्षाला २ कोटी डॉलर याप्रमाणे वीस वर्षांसाठी त्याला आपले नाव दिले. शे यांचे १९९१ मध्ये निधन झाले होते. नव्या मैदानातील एका पुलाला त्यांचे नाव देण्यात आले. जुन्या वास्तूतील अखेरचे जलसे १६ आणि १८ जुलै २००८ रोजी बिली जोएल यांनी केले. १८ जुलैला कार्यक्रम संपत आला असताना पॉल मॅकार्टनी विमानतळावरून थेट मंचावर आले आणि त्यांनी बीटल्सची दोन गाणी गायली. मंचापर्यंत त्यांना गाडीतून आणणारे मैदान-कर्मचारी पीट फ्लिन यांनीच १९६५ मध्ये बीटल्सना मैदानाबाहेर नेले होते. या रात्रीची ध्वनियंत्रणा अर्थातच बेसबॉलची नव्हती. २८ सप्टेंबर २००८ रोजी फ्लोरिडा मार्लिन्सविरुद्धचा शेवटचा सामना मेट्स ४–२ असा हरले आणि समारोपाचा चेंडू मेट्सचे जुने पिचर टॉम सीव्हर यांनी माइक पियाझा यांच्याकडे फेकला. सुरुंग न लावता वास्तू टप्प्याटप्प्याने उतरवण्यात आली व १८ फेब्रुवारी २००९ रोजी तिचा शेवटचा भाग खाली आला. होम प्लेट, तीन बेस आणि पिचरची जागा यांच्या खुणा आज वाहनतळाच्या जमिनीत बसवलेल्या आहेत.

एप्रिल २००९ मध्ये उघडलेले सिटी फील्ड सुमारे ४२,००० आसनांचे आणि पंख्याच्या आकाराला घट्ट बसणारे मैदान आहे; त्यात फिरते प्रेक्षागार नाही. मात्र पहिल्याच उन्हाळ्यात, जुलै २००९ मध्ये, मॅकार्टनी यांचे तीन कार्यक्रम तेथे झाले. ७ नोव्हेंबर २०१५ रोजी बाहेर तयार केलेली खेळपट्टी आणून बसवून सचिन तेंडुलकर आणि शेन वॉर्न यांच्या निवृत्त खेळाडूंच्या संघांमधील क्रिकेटचा पहिला प्रदर्शनीय सामना याच मैदानात झाला, आणि वॉर्न यांच्या संघाने तो सहा गडी राखून जिंकला. बेसबॉलच्या काटकोनी मैदानात क्रिकेटच्या सीमारेषा सोयीप्रमाणे आखाव्या लागल्या. न्यू यॉर्क परिसरातील भारतीय प्रेक्षकांची त्याबद्दल तक्रार नव्हती.

या सर्व इतिहासावरून बहुउद्देशीय क्रीडांगणाबद्दल एक निष्कर्ष काढता येतो. दोन खेळांना एका वास्तूत कायमचे नांदवणे शे स्टेडियमला जमले नाही आणि त्यासाठी केलेला यांत्रिक खर्च वीस वर्षांत निरुपयोगी ठरला. याउलट एका खेळाचे मैदान अन्य उपयोगांना काही रात्रींपुरते देणे यशस्वी झाले आणि तीच प्रथा आज सर्वत्र रूढ आहे. फ्लशिंग मेडोजमध्ये आता बेसबॉलसाठी सिटी फील्ड आणि टेनिससाठी १९७८ पासूनचे राष्ट्रीय टेनिस केंद्र अशी स्वतंत्र मैदाने आहेत, आणि त्यांच्या शेजारी विलेट्स पॉइंट येथे न्यू यॉर्क सिटी एफसी या संघासाठी केवळ फुटबॉलचे, म्हणजे आपल्याकडे ज्याला फुटबॉल म्हणतात त्या खेळाचे, २५,००० आसनांचे मैदान २०२७ मध्ये खुले करण्याचे ठरलेले आहे.